एकाच बोटीने दोनदा जा

अनेक आशीर्वाद.

लिस्बनच्या कॉलेजसाठी तुझा व्हिसा आल्याचं कळलं आणि पाठोपाठ फोटो काढायच्या जागांची तुझी यादीही मिळाली. लिस्बनमधल्या बावीस जागा, प्रत्येकीपुढे 'सनराइज' किंवा 'सनसेट', आणि खाली प्रश्न: काका, यातल्या कुठल्या गाळू? यादी मेहनतीने केलेली आहे, यात वाद नाही. पण तिच्यात जागाच जागा आहेत, माणूस एकही नाही. आणि तुला तर म्हणे तिथलं रोजचं जगणं टिपायचंय.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्याही खिशात अशीच यादी होती. नऊ दिवसांत अडीच हजार फोटो काढले. घरी येऊन बघतो तर तीनशेच्या वर नुसत्या पिवळ्या ट्राम. चढावर ट्राम, उतारावर ट्राम, ट्रामच्या खिडकीतून दिसणारी दुसरी ट्राम. तुझ्या काकूने ते सगळे शांतपणे पाहिले आणि विचारलं, "तिथे लोक राहत नाहीत का?"

त्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या खेपेला सापडलं, आणि तेही यादीबाहेरच्या ठिकाणी. काइश दु सोद्रेच्या धक्क्यावरून तेजो नदीपलीकडे कासिल्याशला फेरीबोट जाते. जेमतेम दहा मिनिटांचा प्रवास. संध्याकाळी कामं उरकून पलीकडे घरी जाणाऱ्यांनी बोट भरते. पर्यटक कोण ते लगेच ओळखू येतं, कारण नदीकडे तेवढेच बघत असतात. माझ्या समोरच्या बाकावर पन्नाशीची एक बाई येऊन बसली. पायांतले टाचांचे बूट काढले, पिशवीतून सपाट चपला काढून घातल्या, बूट कापडात गुंडाळून पिशवीत टाकले आणि डोळे मिटले. मी फोटो काढला नाही. काढण्यासारखं काही वाटलंच नाही.

दुसऱ्या दिवशी काही काम नव्हतं म्हणून पुन्हा त्याच वेळेच्या बोटीत बसलो. तीच बाई, तोच बाक. आणि आता मला दिसलं की ती वाकायच्या आधीच शेजारचा माणूस मोबाइलमधून मान वर न करता आपले पाय बाजूला घेतो. तिला जागा करून देतो. दोघं एकमेकांशी अवाक्षर बोलत नाहीत. ते सरकणारे पाय आदल्या दिवशीही सरकले असणार, मला दिसले नव्हते. तिसऱ्या दिवशी मी जागा धरून बसलो, कॅमेरा मांडीवर ठेवला आणि एकच फोटो काढला. दोघांचे चेहरे त्यात नाहीत. माझ्या बैठकीच्या खोलीत दाराशी लावलाय तो हाच. तू विचारायचीस ना, हे पाय कुणाचे?

परक्या गावात पहिल्या दिवशी सगळंच नवं दिसतं. मग त्यातलं रोजचं कुठलं आणि फक्त आजचं कुठलं, हे कळणार कसं? दुसऱ्यांदा बघितल्याशिवाय कळत नाही. म्हणून बावीस जागा ठेवू नकोस, तीन ठेव. एक बोट. एक तुझ्या राहत्या गल्लीतलं कॉफीचं दुकान, जिथे लोक उभ्या उभ्या 'बिका' पितात, म्हणजे आपला कटिंगच समज. तिसरी जागा म्हणजे मंगळवारी आणि शनिवारी भरणारा फेइरा दा लाद्रा, आपल्या जुन्या बाजारासारखा. तिथे विकायला मांडलेल्या वस्तूंचे फोटो सगळेच काढतात. तू विक्रेते सकाळी चादर कशी अंथरतात आणि कोण कुणासाठी जागा राखून ठेवतो ते बघ. अठ्ठावीस नंबरच्या ट्रामचा मोह होणारच. पहिल्याच सकाळी मार्तिम मुनीश चौकातून बसून ती फेरी एकदाची उरकून टाक. बॅग मात्र पोटाशी धर, त्या ट्राममध्ये खिसेकापूंचा धंदा जोरात चालतो.

हे शहाणपण मी शोधलेलं नाही. व्हिक्तोर पाला आणि कोश्ता मार्तिन्श हे दोघे लिस्बनचेच वास्तुविशारद. पन्नाशीच्या दशकात कॅमेरे घेऊन काही वर्षं ते आपल्याच शहराच्या गल्ल्यांत फिरले, हजारो फोटो काढले आणि त्यांतून निवडून 1959 साली एक पुस्तक केलं. शहराला त्यांनी नावातच 'उदास आणि आनंदी' म्हटलंय. तेव्हा ते फारसं खपलं नाही, आज जुनी प्रत मिळवायची तर खिसा रिकामा करावा लागतो. तिथल्या एखाद्या ग्रंथालयात बसून जरूर चाळ. जन्म तिथेच गेलेल्या माणसांना जर वर्षं लागली, तर मी नऊ दिवसांत काय उजेड पाडणार होतो!

आता उजेडाचं. तू मंडईत माझ्याबरोबर शिकलीस, त्यामुळे अकरा ते चार कॅमेरा पिशवीत ही सवय तुझ्या अंगात मुरलेली आहे. ती पुण्यात ठेवून जा. पुणे साडेअठरा अक्षांशावर, लिस्बन जवळजवळ एकोणचाळीसवर. डिसेंबरात पुण्यात भर दुपारी सूर्य अठ्ठेचाळीस अंशांपर्यंत चढतो, तिथे अठ्ठावीसच्या पुढे जात नाही. म्हणजे भर दुपारीसुद्धा माणसाची सावली त्याच्या उंचीच्या जवळजवळ दुप्पट पडते. आपल्याकडे जी सावली चारनंतर मिळते, ती तिथे हिवाळ्यात दिवसभर असते. मात्र सव्वापाचला सूर्य मावळतो, त्यामुळे कॉलेज सुटल्यावर फिरू म्हणशील तर अंधारच हाती येईल. दुपारच्या सुट्टीत बाहेर पड.

त्या वेळी बायशा भागात जा. 1755 च्या भूकंपात हा भाग पडला आणि मग सरळ, काटकोनातल्या रस्त्यांनी नव्याने बांधला गेला. मुख्य रस्ते साधारण उत्तर-दक्षिण जाऊन नदीशी उतरतात. बाराच्या सुमाराला सूर्य नदीच्या बाजूने सरळ त्या रस्त्यांत शिरतो. नदीकडे तोंड करून उभी राहा. नदीकडे जाणारे, तुझ्याकडे येणारे, सगळ्यांच्या सावल्या तुझ्या पायांशी येतील. आल्फामा हा जुना भाग याच्या अगदी उलट. तो भूकंपातून बराचसा वाचला, त्यामुळे गल्ल्या वाकड्यातिकड्या आणि अरुंद. तिथे एखाद्या भिंतीवर ऊन येतं ते थोडाच वेळ. पण कपडे वाळत घालणाऱ्या बायकांना ती वेळ तोंडपाठ असते. दोरी कप्पीवरून ओढायचा कुईकुई आवाज आला की समज, ऊन येतंय.

पायाखालच्या फरसबंदीकडे दुर्लक्ष करू नकोस. पांढऱ्या चुनखडीचे छोटे चौकोनी दगड, त्यांत काळ्या दगडाची नक्षी, कधी चुनखडीची, कधी बेसाल्टची. बेसाल्ट म्हणजे आपल्या सह्याद्रीचाच जातभाई. हा पांढरा दगड खालून उजेड परत फेकतो, त्यामुळे टोपीखालचा चेहराही उजळतो. पण फ्रेममध्ये पांढरं जास्त झालं की कॅमेरा फसतो आणि माणसं काळवंडतात, तेव्हा एक्स्पोजर अर्धा-पाऊण स्टॉप वर घे, म्हणजे फोटो जरा उजळ येईल. पावसात हीच फरशी आरशासारखी चमकते आणि साबणासारखी घसरते. रबरी तळाचे बूट घे, लेन्स नंतर.

लेन्सचं एवढंच: तुझी पस्तीस मिलिमीटरची पुरे. ॲपर्चर आठ, शटर एक पाचशेवा, आयएसओ ऑटो, फोकस तीन मीटरवर पक्का. मग दोन मीटरपासून सात मीटरपर्यंत सगळं बऱ्यापैकी स्पष्ट येतं आणि फोकसच्या नादात क्षण जात नाही. अंधारलं की हे गणित मोडतं, तेव्हा हात जपून. झूम नेऊ नकोस. लांबून चोरून काढलेल्या फोटोत ते चोरटेपण उतरतं, हे माझं मत आहे, तुला पटलं नाही तरी चालेल.

परवानगीबद्दल विचारलंस. पोर्तुगालच्या कायद्यात सार्वजनिक ठिकाणच्या दृश्यात आलेल्या माणसाच्या फोटोला मुभा आहे, पण त्याच्या अब्रूला धक्का लागेल असं काही चालत नाही, आणि समोरच्याची इच्छा नसताना फोटो काढणं हा गुन्हा ठरू शकतो. म्हणून हात वर झाला किंवा मान हलली की कॅमेरा खाली, हसून माफी. मुलांच्या बाबतीत आधी आईबापांना विचार. 'पॉसु?' म्हणजे 'काढू का?', आणि नंतर 'ओब्रिगादा'. मी पुरुष म्हणून 'ओब्रिगादु' म्हणायचो, तू 'दा' म्हण. बाकी भाषेची काळजी नको. बटाटा मागायला बटाटाच म्हणायचं, शब्द तिकडूनच आलाय आपल्याकडे.

मोरारिया नावाच्या जुन्या वस्तीत एका गल्लीत तिथल्याच म्हाताऱ्या रहिवाशांचे फोटो घरांच्या भिंतींवर छापलेले आहेत. कॅमिला वॉटसन नावाच्या ब्रिटिश छायाचित्रकार बाईंनी केलंय ते काम. ज्याचा फोटो, त्याच्याच दारात. मला ते बघून शरम वाटली, कारण माझ्याकडे एक देणं बाकी आहे.

दुसऱ्या खेपेला आल्फामात एका आजींनी मला कपडे वाळत घालताना फोटो काढू दिला होता. चिमटे दातांत धरून हसल्या होत्या. प्रिंट आणून देतो म्हणालो आणि परत आलो तो आलोच. प्रिंट या पत्रासोबत आहे. मागच्या बाजूला मी गल्लीचा नकाशा काढलाय: सार्वजनिक नळ, त्याच्या वरच्या अंगाला सात पायऱ्या, हिरवं दार. आता त्या भागातली बरीच घरं पर्यटकांना दिवसावारी भाड्याने जातात. दाराशी नंबर फिरवून उघडायची किल्लीची छोटी पेटी टांगलेली दिसली तर बेल वाजवू नकोस. शेजारच्या खिडकीत कपडे वाळत असतील, तिथे विचार.

तुझा,
काका