शिडाच्या बोटीतून प्रवास करताना समुद्राचा थोडा अभ्यास करता येईल का?

तुम्ही कोल्हापूरचे. फेब्रुवारीत मित्राच्या शिडाच्या बोटीतून रत्नागिरी ते गोवा निघताय आणि विचारताय की वाटेत शास्त्राला उपयोगी पडेल असं काही करता येईल का, सूक्ष्मदर्शक घ्यावा का.

करता येतं. सूक्ष्मदर्शक मात्र घरीच ठेवा. डोलणाऱ्या बोटीत त्यात डोळा लावून बसलात तर प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) दिसायच्या आधी सकाळचे पोहे बाहेर येतील. एकच मोजमाप निवडा आणि रोज त्याच पद्धतीने करा. मी सेकी तबकडी सुचवेन.

आंजेलो सेकी या इटालियन धर्मगुरू-खगोलशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये पोपच्या जहाजावरून ही पद्धत वापरली. पांढरी तबकडी पाण्यात सोडायची आणि ती दिसेनाशी होते ती खोली लिहायची. किनाऱ्यापासून दूर पाण्याला धूसर करतात ते मुख्यतः वनस्पती-प्लवक. ते जितके दाट, तितकी खोली कमी. सागरी अन्नसाखळीचा पायाच ते असल्याने आकडा साधा असला तरी मोलाचा. इंग्लंडमधल्या प्लिमथचे सागरशास्त्रज्ञ रिचर्ड किर्बी यांनी २०१३ मध्ये यासाठी खलाशांना मोबाइल ॲप दिलं. समुद्रात रेंज नसली तरी चालतं, जागा जीपीएसवरून नोंदली जाते.

तबकडी विकत कशाला घेता? उद्यमनगरात कुठल्याही लेथवाल्याला ३० सेंटिमीटर व्यासाची गोल चकती कापायला सांगा. ‘कुठल्या मशीनचा पार्ट?’ असं विचारतील, समुद्राचं नाव काढलंत की चहा सांगतील. चकाकणारा नको, मॅट पांढरा रंग द्या. मधल्या भोकात आयबोल्ट (डोक्याला कडी असलेला बोल्ट) बसवा आणि खाली वजन अडकवा. नायलॉनची दोरी ओली झाली की ताणते, म्हणून फायबरची मोजपट्टीच बांधा. हात बसायला रंकाळ्यावर एकदा सोडून बघा. शेवाळ असेल तर पट्टी फारशी उलगडायलाही लागणार नाही.

समुद्रात मोजायचं ते किनाऱ्यापासून किमान किलोमीटरभर बाहेर, २५ मीटरहून खोल पाण्यात, सकाळी १० ते दुपारी २ या वेळात आणि गॉगल काढून. खाडीच्या तोंडाशी मोजलंत तर प्लवक नाही, गाळ मोजाल. आणि बोट पळत असताना पट्टी तिरकी जाते, खोली उगाच जास्त भरते. त्यावर कोकणात एक सोय आहे. सकाळचा जमिनीवरून येणारा मतलई वारा पडतो आणि दुपारचा समुद्राकडून येणारा खारा वारा अजून सुटलेला नसतो, तेवढ्यात शीड लोंबतं. बाकी सगळे वैतागतात, तुम्ही तेव्हा तबकडी सोडा. सरळ खाली जाते.

हे काम हौशी लोकांनी करायचं नाही असं कुणी म्हणालं तर ‘तारिणी’ची आठवण करून द्या. २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी या शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्या काही सागरशास्त्रज्ञ नव्हत्या, पण वाटेत हवामान आणि लाटांच्या नोंदी ठेवायचं काम त्यांच्याकडेही होतं.

मालवणला थांबलात तर प्रवाळाचा तुकडा ‘सॅम्पल’ म्हणून उचलू नका. तिथे सागरी अभयारण्य आहे आणि प्रवाळाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. फोटो काढा, वेळ आणि जागा लिहा.