पहिली नोकरी लागली, पगार २० हजार. काका म्हणतात टॅक्स वाचवायला विमा पॉलिसी घे. घेऊ का? आणि एमबीए करावं का?

पॉलिसी घेऊ नकोस. काकांना वाईट वाटेल, वाटू दे.

२०१३ साली बी.ई. होऊन मी चाकणच्या एका कारखान्यात ट्रेनी म्हणून लागलो. पगार १४ हजार. दिवाळीला गावी गेलो तर मामा येऊन बसलेला, शेजारी काळी रेक्झिनची बॅग. आईने शिरा केला होता. फॉर्म भरूनच आणला होता, सह्यांच्या जागी पेन्सिलीने बारक्या फुल्या. मी एकेका फुलीवर सही करत गेलो. मुदत २० वर्षं, हप्ता वर्षाला २४ हजार. "टॅक्स वाचेल," मामा म्हणाला. माझं वर्षाचं उत्पन्न १ लाख ६८ हजार, आणि तेव्हा २ लाखांपर्यंत करच नव्हता. वाचणार काय होतं?

पुढच्या वर्षी कंपनीतच डिझाइनला दोन जागा निघाल्या. एनएक्स हे डिझाइनचं सॉफ्टवेअर येणारा माणूस हवा होता. चिंचवडला क्लासची फी २२ हजार. माझ्याकडे २६ होते, पण हप्ताही त्याच महिन्यात. आई फोनवर म्हणाली, "मामाचा शब्द जाईल." हप्ता भरला. जागा माझ्या रूम पार्टनरला मिळाली. सकाळी तो इस्त्रीचा शर्ट घालून निघायचा, तेव्हा मी थर्ड शिफ्ट करून येऊन दारात सेफ्टी शूज काढत असायचो.

तिसरा हप्ता मी भरलाच नाही. त्या काळी अशा पॉलिसीला तीन वर्षांचे हप्ते झाल्याशिवाय सरेंडर व्हॅल्यू, म्हणजे मध्येच बंद केल्यावर परत मिळणारी रक्कम, नसायचीच. ४८ हजार गेले. आई अजून म्हणते, त्याने तुझ्या भल्यासाठीच केलं. भलं करायचं असतं तर आधी पगाराची स्लिप बघायला मागितली असती.

तुझ्या २० हजारांवर कर लागतच नाही. २०२५-२६ पासून नव्या कर प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या पगारावरही लागत नाही, आणि तिथे ८०सीची, म्हणजे विम्याच्या हप्त्यावर मिळणारी, वजावटही नाही. काय वाचणार ते काकांकडून कागदावर लिहून घे.

सहा महिन्यांचा खर्च साठेपर्यंत आरडी लाव. नोकरी बदललीस तर पीएफ काढू नकोस, ट्रान्सफर कर. पाच वर्षांच्या आत काढला तर त्यावर कर लागू शकतो. सहा महिन्यांचा खर्च साठला की पुढचा पहिला मोठा पैसा कामाशी संबंधित कोर्सवर घाल. एमबीएचं दोन वर्षं नोकरी करून मग बघ, आत्ता कर्ज काढून नको.

हां, आईवडील तुझ्या पगारावर अवलंबून असतील तर टर्म प्लॅन, म्हणजे फक्त मृत्यू झाला तर घरच्यांना पैसे देणारा विमा, जरूर घे, त्याला माझा विरोध नाही.

आणि सही करून बसला असशील, तर पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत परत करता येते, थोडी कपात होऊन पैसे मिळतात. माझ्या वेळी १५ दिवस होते. पण माझी पॉलिसी मामाच्या कपाटात होती. "तू हरवशील, मी जपून ठेवतो," म्हणाला होता.