मोती कशाला घाबरतो?

प्रिय पोरी,

तुझं अ‍ॅनिमॅटिक (कच्ची चित्रं वेळेनुसार जोडलेली फिल्म) पाहिलं. सोसायटीच्या गेटवरचा मोती झकास जमलाय. चप्पल तोंडात धरून तो वॉचमनकाकांच्या खुर्चीखाली सरकतो तिथे मी मोठ्यानं हसलो. पण त्यानंतर चोर येतो, पाण्याचा टँकर येतो, बिल्डर येतो, शेवटी पूरही येतो. या गर्दीत राखणदार कुत्रा कुठे गेला, ते मला दिसलंच नाही.

म्हणून आता अमेरिकन अ‍ॅनिमेटर बिल प्लिम्प्टनचा 'गार्ड डॉग' बघ. २००४ सालची, पाचेक मिनिटांची फिल्म. गोष्ट म्हणावी तर काहीच नाही. एक बुटका, डोळे बाहेर आलेला कुत्रा मालकाबरोबर बागेत फिरायला निघालाय आणि दिसेल त्याच्यावर भुंकतोय. प्लिम्प्टनला प्रश्न पडला तो एवढाच: इवल्याशा पक्ष्यावर किंवा खारीवर कुत्रं इतकं तुटून का पडतं? उत्तर त्यानं कुत्र्याच्या डोक्यात शिरून शोधलं. खार दिसली की कुत्र्याला पुढचं सगळं दिसतं, ती मालकाचा जीव कसा घेणार तेसुद्धा. दोरीवरच्या उड्या मारणारी चिमुरडी त्याच्या लेखी खुनीच. एकही संवाद नाही, तरी त्याचं म्हणणं आपल्याला शब्दाशब्दानं कळतं.

बघताना एक गोष्ट नीट टिपून घे. कुत्र्याच्या मनातला धोका प्लिम्प्टन कुठेही 'हे काय, गंमत आहे' अशा सुरात काढत नाही. भीती पूर्ण खरी आहे, कारण कुत्र्यासाठी ती खरीच आहे. हसू येतं ते आपल्याला, त्याला नाही. तुझा मोती मात्र चप्पल पळवताना कॅमेऱ्याकडे बघून डोळा मारतो. तो डोळा काढून टाक. मोतीला चप्पल का पळवावीशी वाटते? त्याच्या मते त्या चपलेत काय दडलंय? हे ठरलं की खोड्या सुचवाव्या लागणार नाहीत, तोच करत सुटेल. आज त्याच्या खोड्या तू करतेयस.

दुसरा मुद्दा हिशेबाचा, आणि तो तू टाळतेस. पाच मिनिटं म्हणजे ३०० सेकंद. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर ७,२०० फ्रेम. एक चित्र दोन फ्रेम धरून ठेवलंस तर ३,६०० चित्रं; चार फ्रेम धरलंस तर १,८००. तुझं अ‍ॅनिमॅटिक अकरा मिनिटांचं आहे. गुणाकार तूच कर. प्लिम्प्टन स्वतःच्या हातानं पेन्सिलीनं काढतो आणि सेकंदाला २४ चित्रांच्या फंदात पडत नाही. त्यामुळे रेघ थोडी थरथरते, हालचाल अडखळते, आणि त्या भेदरट कुत्र्याला ते शोभूनही दिसतं. सगळ्यांना शोभेलच असं नाही. संथ, डौलदार मांजर काढायची असती तर मी तुला हा मार्ग सांगितला नसता.

नव्या लोकांना प्लिम्प्टन तीनच गोष्टी सांगत आलाय: फिल्म छोटी ठेवा, स्वस्तात करा आणि ती हसवणारी असू द्या. 'स्वस्त' म्हणजे त्याच्या हिशेबानं मिनिटाला साधारण हजार डॉलर. आपल्याकडे तेही स्वस्त नाहीत, ते सोड. पण 'हसवणारी'वर तू नाक मुरडशील, हे मला ठाऊक आहे. तुला पाणीटंचाईवर काही सांगायचंय. सांग ना, पण वेगळ्या फिल्ममध्ये. 'गार्ड डॉग'ला ऑस्करचं नामांकन मिळालं, त्या वर्षी त्याच यादीत डिस्नेचा 'लोरेन्झो' होता, स्वतःच्याच शेपटीनं छळलेल्या बोक्याचा. ऑस्करची बाहुली मिळाली क्रिस लँड्रेथच्या 'रायन'ला. पण एका माणसाच्या पेन्सिलीतला कुत्रा डिस्नेच्या बोक्याशेजारी जाऊन बसला होता, आणि तोही कसला संदेश न देता.

शेवट मी सांगत नाही. तो पाहून तुला धक्का बसेल, कदाचित रागही येईल. मलाही तो जरा क्रूर वाटतो, पण फिल्मच्या पहिल्या सेकंदापासून तो येणारच होता. पहिली चार मिनिटं बदलल्याशिवाय तो बदलता येत नाही. तुझा पूर मात्र कुठल्याही फिल्मच्या शेवटी चिकटवता येईल.

आता काम. २०११ मध्ये 'गार्ड डॉग'चेच शॉट जगभरातल्या अ‍ॅनिमेटरांना वाटून देऊन प्रत्येकाकडून एकेक नव्यानं करून घेतला होता. तूही एक शॉट उचल आणि कुत्र्याच्या जागी मोतीला घाल. टायमिंगला हात लावू नकोस, फक्त मोतीचं अंग, मोतीची भीती. त्यानंतरच स्टोरीबोर्ड (शॉटवार कच्ची चित्रं) पुन्हा उघड आणि गेटबाहेरचं सगळं काढ. टँकरची चित्रं फेकू नकोस, वेगळ्या फोल्डरमध्ये ठेव.

आणि संगीत इतक्यात टाकू नकोस. आधी नुसतं भुंकणं रेकॉर्ड कर. तुमच्या सोसायटीतला कुत्रा दूधवाल्यावर आणि कुरिअरवाल्यावर एकसारखाच भुंकतो का, ते मला पुढच्या पत्रात कळव.

तुझा,
सर