बंदर पाण्यावरून बघा: कोचीबद्दल नाशिककरांचे प्रश्न

दिवाळीनंतरच्या सहलींचं ठरायला लागलं की केरळचे प्रश्न येतात आणि त्यात कोचीचा उल्लेख बहुतेक 'विमान तिथे उतरतं' एवढाच असतो. यंदा मात्र खुद्द कोचीबद्दल विचारणारी बरीच पत्रं आली. त्यातली काही निवडून उत्तरं देते आहे.

ताई, आमच्या सात दिवसांच्या सहलीत मुन्नार, थेक्कडी, अलेप्पी आहे आणि शेवटच्या दिवशी कोचीला एक दुपार. तेवढी पुरेल ना? (सिडको)

नाही पुरणार. त्या दुपारी तुम्हाला मासेमारीची चिनी जाळी, एक चर्च आणि मसाल्याचं एक दुकान दाखवतील. वेळ कमी पडला तर चर्च गळेल, दुकान गळणार नाही.

माझं ऐकाल तर थेक्कडी किंवा अलेप्पी, दोन्हीतलं एक काढून टाका आणि कोचीला दोन रात्री द्या. त्याही फोर्ट कोचीतच. एर्नाकुलमला, म्हणजे मुख्य जमिनीवरच्या शहरात, हॉटेलं पुष्कळ आहेत, पण तिथे राहून जुनं बंदर बघायला जाणं म्हणजे रोज खाडी ओलांडून ये-जा. फोर्ट कोचीत जुन्या घरांमधून खोल्या मिळतात आणि सकाळी सातला, बस यायच्या आत, गल्ल्या तुमच्या एकट्याच्या असतात.

वार बघून जा. फोर्ट कोचीशेजारच्या मट्टनचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद असतो. तिथलं 'परदेशी' नावाचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, शुक्रवार-शनिवार दोन्ही दिवस, शिवाय ज्यूंच्या सणांना. आपली मंडळी शनिवार-रविवार धरून निघतात आणि नेमकी बंद दारासमोर फोटो काढून परततात. हे सिनेगॉग १५६८ सालचं आहे. आत गेलात की मान वर करून झुंबरं बघण्याआधी खाली बघा. जमिनीवर चीनहून आणलेल्या पांढऱ्या-निळ्या फरशा आहेत, हाताने रंगवलेल्या. चपला बाहेर काढायच्या असतात, त्यामुळे त्या पायालाही कळतात.

राजवाड्याला 'डच पॅलेस' म्हणत असले तरी तो बांधला पोर्तुगीजांनी, सोळाव्या शतकात, कोचीच्या राजाला नजराणा म्हणून. डचांनी पुढे डागडुजी केली आणि नाव खाल्लं. राजाच्या शयनगृहाच्या भिंतींवर दशरथाच्या पुत्रकामेष्टी यज्ञापासून राम अयोध्येला परतेपर्यंतचं रामायण रंगवलेलं आहे. पंचवटीत वाढलेल्या माणसाने तिथे अर्धा तास तरी काढावा. गाइड पाच मिनिटांत बाहेर काढायला बघेल, निघू नका.

फोर्ट कोचीत किल्ला नेमका कुठे आहे? नकाशावर सापडत नाही. आम्ही ट्रेकर मंडळी, साल्हेर-हरिहर करणारे. (सातपूर)

नाही सापडणार, कारण तो नाही. पोर्तुगीजांनी १५०३ मध्ये इथे इमॅन्युएल नावाचा किल्ला उभारला. १६६३ मध्ये डचांनी कोची घेतलं आणि किल्ला कमी करून आपल्या सोयीचा केला. १७९५ मध्ये इंग्रज आले आणि १८०६ च्या सुमारास त्यांनी उरलासुरला पाडला. आता समुद्रकाठी थोडे अवशेष आणि नावातला 'फोर्ट' एवढंच शिल्लक आहे.

पण तुमचा प्रश्न चांगला आहे, कारण आपण डोंगराकडची माणसं इतिहास म्हटलं की तट-बुरूज शोधतो. इथे तो पाण्यात शोधायचा. कोचीचं बंदर मुळात पाण्यानेच घडवलं. त्याच्या उत्तरेला, आजच्या कोडुंगल्लूरच्या परिसरात, मुझिरिस हे रोमनांपर्यंत मिरी पोचवणारं बंदर होतं. १३४१ मध्ये पेरियार नदीला प्रचंड पूर आला, जुन्या बंदराचं तोंड गाळाने भरलं आणि इकडे कोचीपाशी खाडीचं तोंड मोकळं झालं, असं परंपरेने सांगतात. व्यापार सरकत सरकत इकडे आला.

मोठी जहाजं मात्र तरीही आत येऊ शकत नव्हती, कारण तोंडाशी वाळूचा बांध होता. तो फोडायला विसावं शतक उजाडावं लागलं. रॉबर्ट ब्रिस्टो या इंग्रज अभियंत्याने तो खणून काढला आणि निघालेल्या गाळ-वाळूचं एक अख्खं बेट बनवलं, तेच विलिंग्डन बेट. २६ मे १९२८ ला 'पद्मा' नावाची आगबोट आतल्या बंदरात शिरली.

वास्को द गामाचंही सांगून टाकते, कारण सगळे विचारतात. तो कोचीतच वारला, २४ डिसेंबर १५२४ ला. सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये त्याला पुरलं. पुढे पंधरा वर्षांच्या आत त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले. थडग्याची जागा आत गेल्यावर उजव्या हाताला दिसते, आत कुणी नाही. मला तिथे थडग्यापेक्षा छताला टांगलेले कापडी पंखे जास्त आवडतात. त्यांच्या दोऱ्या भिंतीतून बाहेर जातात आणि बाहेर बसलेला माणूस त्या ओढायचा, म्हणजे प्रार्थना आत आणि घाम बाहेर.

फिरायला दिवसभर टॅक्सी करावी का? बरोबर सत्तरी ओलांडलेली आई आहे, गुडघे दुखतात. (गंगापूर रोड)

दिवसभराची टॅक्सी नको. फोर्ट कोची आणि मट्टनचेरी सपाट आहे, चढ नाहीत, आणि दोन्हींच्या मधलं अंतर रिक्षाने काही मिनिटांचं. टॅक्सीवाला तुम्हाला रस्त्यावरच्या 'पॉइंट'वर नेईल. बंदर मात्र बोटीतून बघायचं असतं.

एर्नाकुलमच्या हायकोर्ट धक्क्यावरून फोर्ट कोचीला वॉटर मेट्रो जाते. वॉटर मेट्रो २०२३ च्या एप्रिलमध्ये सुरू झाली, फोर्ट कोचीची फेरी त्यानंतर. बोटी बॅटरीवर चालणाऱ्या, वातानुकूलित, आणि धक्का पाण्याबरोबर वर-खाली होणारा असल्याने बोटीत शिरताना पायरी लागत नाही. व्हीलचेअरसुद्धा सरळ आत जाते. आईंसाठी हीच. सरकारी जलवाहतूक खात्याची जुनी बोट त्याहून स्वस्त, उघडी, वाऱ्याची. पण तिच्यात चढताना हाताला धरून पाय टाकावा लागतो.

साधारण वीस मिनिटांच्या त्या प्रवासात जे दिसतं ते कुठल्याही सहलीच्या पत्रकात नसतं. एका बाजूला विलिंग्डन बेटाचे धक्के, दुसरीकडे वल्लारपाडमच्या कंटेनर टर्मिनलच्या उंच क्रेन, मध्येच एखादं तेलवाहू जहाज आणि त्याच्या पोटाशी मासेमारीची होडी. लासलगावचा कांदा आणि पिंपळगावची द्राक्षं न्हावाशेव्याला गेल्यावर पुढे काय होतं, याचा अंदाज नाशिकच्या माणसाला इथे बसल्या जागी येतो. आईंना खिडकीपाशी बसवा आणि जाताना एका बाजूला, येताना दुसऱ्या बाजूला बसा.

आम्ही शुद्ध शाकाहारी. माशांचा वास आणि खोबरेल तेल, निभेल का? (कॉलेज रोड)

निभेल. मट्टनचेरीत गुजराती आणि जैन व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या आहेत, त्यांच्या वस्तीत शाकाहारी जेवण आणि मिठाई दोन्ही मिळतं. सकाळी पुट्टू-कडला (तांदळाच्या पिठाचा वाफवलेला पुट्टू आणि हरभऱ्याची उसळ) किंवा आप्पम आणि भाज्यांचा स्ट्यू मागा. खोबरेल तेलाचा वास पहिल्या जेवणाला जाणवतो, तिसऱ्याला नाही. वासाचं म्हणाल तर जाळ्यांपाशी तो येणारच. तिथे नाक मुठीत धरून उभं राहायचं असेल तर न गेलेलं बरं.

चिनी जाळ्यांवर फोटोसाठी पैसे मागतात म्हणे. फसवणूक आहे का? (इंदिरानगर)

तुम्हाला वर बोलावतात, दोर ओढू देतात, फोटो काढू देतात आणि मग पैसे मागतात. आधी विचारून घ्या आणि आनंदाने द्या. आताशा नुसत्या मासळीवर एवढ्या माणसांचं पोट भरणं कठीण आहे.

जवळून बघण्यासारखं यंत्र आहे ते. काठावर रोवलेल्या लाकडी चौकटीवर एक लांबलचक आडवा वासा, त्याच्या पाण्याकडच्या टोकाला चार वाकड्या काठ्यांमध्ये ताणलेलं जाळं आणि जमिनीकडच्या बाजूला दोरांना ओळीने बांधलेले दगड. एक माणूस वाशावरून पाण्याच्या दिशेने चालत गेला की त्याच्या वजनानेच जाळं खाली जातं. काही मिनिटांनी चार-पाच जण मिळून दोर ओढतात, दगड एकेक करून फळ्यांवर टेकतात आणि जाळं वर येतं. त्यात बहुतेक वेळा ओंजळभर मासळी, एखादा खेकडा आणि प्लास्टिकची पिशवी. सूर्यास्ताला तिथे जत्रा असते. काम बघायचं तर सकाळी जा.

मसाले तिथूनच घ्यावेत का? काय घ्यावं, काय घेऊ नये? (पंचवटी)

सिनेगॉगच्या गल्लीतली दुकानं पर्यटकांसाठी आहेत, भाव त्याच हिशेबाने. पुढे बाजार रोडला वळा. तिथे जुनी गोदामं आहेत, हातगाड्यांवर पोती चढत-उतरत असतात आणि काही आवारांत सुंठ वाळत घातलेली दिसते. वास आधी येतो, गोदाम मागून दिसतं. सगळेच किरकोळ विकत नाहीत, पण विकणारे सापडतात.

मिरी घ्या. दाणा भरीव, जड, गडद हवा. चिमूटभर दाणे पाण्यात टाकले तर चांगले तळाला जातात. पपईच्या बिया मिसळल्या असतील तर त्या तरंगतात. वेलदोडे इडुक्कीच्या डोंगरातले, हिरवे, बोटात दाबल्यावर न फुसकणारे. सुंठ आणि जायपत्री चांगली मिळते. मासे खाणाऱ्यांनी कुडमपुळी घ्यावी, आपल्या कोकमाची काळी, धुरकट बहीण. रश्शात एक तुकडा पुरतो.

केशर घेऊ नका. केरळात केशर पिकत नाही, तरीही दुकानात डबी पुढे करतात.

मराठी माणसाचं कोचीत काही आहे का? (नाशिकरोड)

मराठी म्हणता येणार नाही, पण अगदी शेजारचं आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जाचाला कंटाळून गोव्यातली पुष्कळ कोंकणी कुटुंबं दक्षिणेला उतरली आणि त्यातली बरीच कोचीत स्थिरावली. मट्टनचेरीच्या चेरलाई भागात त्यांचं मोठं तिरुमल देवस्थान आहे आणि आसपासच्या गल्लीत उभं राहिलात तर कानावर येणारं बोलणं निम्मंअर्धं कळतं.

याच समाजातले रंग भट, विनायक पंडित आणि आप्पू भट हे तीन वैद्य. डच गव्हर्नर व्हान ऱ्हीडने मलबारच्या वनस्पतींवर 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला. तो १६७८ ते १६९३ या काळात अ‍ॅमस्टरडॅमला छापला गेला. माहिती देणाऱ्यांत इट्टी अच्युतन हा मलयाळी वैद्य प्रमुख, आणि हे तिघे. पहिल्या खंडात या तिघांची ग्वाही कोंकणी भाषेत, नागरी लिपीत छापलेली आहे. शिवराज्याभिषेकाला तेव्हा चार वर्षं झाली होती. आपण छपाईचा इतिहास सांगताना हे पान सहसा विसरतो.

नाशिकहून थेट गाडी आहे का? (देवळाली कॅम्प)

आहे. निजामुद्दीनहून एर्नाकुलमला जाणारी मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस नाशिकरोडला थांबते आणि पनवेलहून कोकण रेल्वेने जाते. एक अख्खा दिवस आणि एक रात्र धरा. आरक्षण लवकर करा. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, ते बघून घ्या. विमानाने जाणाऱ्यांसाठी: विमानतळ नेडुम्बसेरीला, शहरापासून चांगला पंचवीस-तीस किलोमीटर, आणि फोर्ट कोची त्याच्याही पुढे.

जूनमध्ये जावं का? (मखमलाबाद)

पाऊस बघायलाच जायचं असेल तर. एरवी डिसेंबर ते फेब्रुवारी. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येही परतीचा पाऊस संध्याकाळी गाठतो.

आम्ही कॉलेजचे चौघे. कोचीएवढे पैसे नाहीत. एका दिवसात होणारं जुनं बंदर सांगा ना. (सिन्नर)

सोपारा. आजचं नालासोपारा, तेव्हाचं शूर्पारक. पण आदल्या रविवारी पांडवलेण्यांवर जा आणि दहा क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा ब्राह्मी शिलालेख बघा. भरुकच्छ म्हणजे भडोच, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक इथे धर्मशाळा बांधल्या, नद्यांवर फुकट नावा ठेवल्या, असं त्यात कोरलं आहे. गोवर्धन म्हणजे आपलं गंगापूरजवळचं. नाशिकची लेणी कोरायला पैसा कुठल्या रस्त्याने आला, ते त्या ओळींत आहे. पुढे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाची नाणी जिंकून त्यावर आपला ठसा मारला. तुमच्याच भागात, जोगलटेंभीला, १९०६ मध्ये तेरा हजारांवर नाणी सापडली, त्यातली बरीचशी अशी ठसा मारलेली.

सोपाऱ्यात बंदर शोधू नका, खाडी गाळाने भरली, मुझिरिससारखीच. स्तूप आहे, लोक त्याला बुरूड राजाचा कोट म्हणतात. पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो १८८२ मध्ये उकरला. सापडलेल्या वस्तू मुंबईत एशियाटिक सोसायटीकडे आहेत. अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही याच गावात मिळाला.

दुपारी वसईचा किल्ला करा. सातपूरकरांना हवे असलेले तट इथे आहेत. चिमाजी अप्पांनी तो १७३९ मध्ये घेतला आणि तिथल्या चर्चची एक घंटा थेट गोदाकाठी आली: नारोशंकराची घंटा. रामकुंडावर लहानपणापासून बघता ती.

सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने दादर, तिथून विरार लोकलने नालासोपारा, मग वसई रोड. स्टेशनपासून दोन्हीकडे रिक्षा मिळते. किल्ल्यातून चारच्या आत बाहेर पडा, कारण लोकलने दादर गाठायला वेळ लागतो आणि संध्याकाळची पंचवटी चुकली तर रात्रीच्या गाडीत कसाऱ्यापर्यंत उभ्यानेच यावं लागेल.