जाहिरातीत ७९२, रस्त्यावर किती?

मर्सिडीजने मार्च २०२५ मध्ये रोमला सीएलए ही नवी गाडी दाखवली आणि त्याच सप्टेंबरात म्युनिकच्या प्रदर्शनात इलेक्ट्रिक जीएलसी. तेव्हापासून वाचकांच्या प्रश्नांचा ओघ थांबलेला नाही. त्यातले पाच आज घेतो.

२०३० पासून फक्त इलेक्ट्रिक गाड्या काढू असं मर्सिडीज म्हणत होती. मग नवी सीएलए पेट्रोलमध्ये कशी? (वाचक, पुणे)

शब्द फिरवला म्हणा हवं तर, पण शब्द देतानाच पळवाट ठेवली होती. जुलै २०२१ च्या घोषणेत ‘बाजाराची परिस्थिती अनुकूल असेल तिथे’ अशी पुस्ती जोडलेली होती, ती मथळ्यांत आली नाही इतकंच. फेब्रुवारी २०२४ मध्ये कंपनीने आकडा खाली आणला: या दशकाच्या उत्तरार्धात इलेक्ट्रिक आणि प्लग-इन हायब्रिड (इंजिनही आणि प्लगने चार्ज होणारी बॅटरीही) मिळून फार तर निम्मी विक्री. सीएलए त्याच हिशोबाने बेतलेली आहे. सांगाडा एकच, त्यावर इलेक्ट्रिकही बसते आणि दीड लिटरचं पेट्रोल इंजिन व ४८ व्होल्टची हायब्रिड यंत्रणाही. तेव्हा पेट्रोल संपलं म्हणून घाईने जुनी गाडी मिळेल त्या भावात काढू नका.

सीएलएची रेंज ७९२ किलोमीटर लिहिली आहे. म्हणजे समृद्धीने मुंबईला जाऊन त्याच चार्जवर परत यायचं का? (वाचक, छत्रपती संभाजीनगर)

तुमच्या गावाला मर्सिडीजबद्दल मी काय सांगावं! ऑक्टोबर २०१० मध्ये एका झटक्यात दीडशे गाड्या घेणारं गाव ते.

जाऊन-येऊन सातशेच्या घरात जातं. कागदावर बसतं, रस्त्यावर बसणार नाही. ७९२ हा युरोपातल्या चाचणीचा सर्वांत चांगला आकडा आहे आणि त्या चाचणीत गाडीचा सरासरी वेग ताशी ४६-४७ किलोमीटर असतो. समृद्धीवर तुम्ही १२० ला लावणार, एसी सुरू, मागे तिघं बसलेले. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ६० वरून १२० वर गेलात की चौपट. सीएलएचा आकार हवेला फार कमी अडवतो हे खरं, तरी माझा हिशोब साडेपाचशेच्या आसपास येतो. तेवढं धरून निघा आणि मुंबईत मुक्कामाला चार्जिंग लावा.

आपल्याकडचा आकडा तर आणखी लाडात वाढलेला असतो. चाकणला जोडली जाणारी ईक्यूएस ५८० घ्या. भारतीय चाचणीत तिला ८५७ किलोमीटर मिळाले आणि त्याच गाडीचा युरोपातला आकडा सातशेच्याही आत होता.

सीएलएच्या ८०० व्होल्टचा एवढा गवगवा कशासाठी? आमच्या तालुक्यात साठ किलोवॉटचा चार्जर आहे, त्यावर काय फायदा? (वाचक, बारामती)

तुमच्याकडे विहिरीवर मोटर असेलच. व्होल्टेज पडलं की मोटर जास्त करंट ओढते, केबल हाताला चटका देते आणि एखाद दिवशी वाइंडिंग जळतं. गाडीतही तोच नियम. तेवढीच पॉवर ४०० ऐवजी ८०० व्होल्टने नेली की करंट निम्मा होतो आणि तारेत तयार होणारी उष्णता एक चतुर्थांशावर येते. म्हणून सीएलए ३२० किलोवॉटपर्यंत वीज घेऊ शकते आणि दहा मिनिटांत सव्वातीनशे किलोमीटरची भर पडते, असं कंपनी म्हणते.

पण तेवढी वीज देणारा चार्जर समोर असेल तर. साठ किलोवॉटवर तुमची गाडी साठनेच भरणार. बॅटरी ८५ युनिटची. दहा टक्क्यांवरून ऐंशीपर्यंत न्यायला तिथे तासभर लागेल, मोठ्या चार्जरवर बावीस मिनिटं.

याहून महत्त्वाची गोष्ट शोरूममध्ये सहसा कुणी काढत नाही. बॅटरीच्या व्होल्टेजहून चार्जरचं व्होल्टेज जास्त असावं लागतं. दुसऱ्या मजल्याच्या टाकीत नळाचं पाणी प्रेशर असेल तरच चढतं, तसंच. युरोपात सीएलए आली तेव्हा ४०० व्होल्टच्या जुन्या डीसी चार्जरवर ती चार्जच होत नव्हती, आणि त्यावरून पुष्कळ बोंबाबोंब झाली. एका मित्राची अशीच ८०० व्होल्टची गाडी घेऊन आम्ही रात्री साडेअकराला एका ढाब्यामागच्या चार्जरसमोर उभे होतो. प्लग बसला, खटका वाजला, पडद्यावर एरर. पुन्हा लावला, पुन्हा एरर. मग मोबाईलच्या उजेडात चार्जरच्या बाजूची पत्र्याची पाटी वाचली: ‘आउटपुट २०० ते ५०० व्होल्ट डीसी’. पुढच्या चार्जरच्या पाटीवर १००० होतं, तिथे गाडी मुकाट्याने चार्ज झाली. नव्या चार्जरवर बहुतेक १००० असतंच. तरीही गाडी बुक करण्याआधी तालुक्यातल्या त्या चार्जरची पाटी वाचून या, आणि भारतात मिळणाऱ्या गाडीत ४०० व्होल्टची सोय आहे का ते विक्रेत्याकडून लिहून घ्या.

इथे जर्मनीत एस-क्लासमध्ये ड्राइव्ह पायलट वापरलेली पाहिली. भारतात गाडी घ्यायची आहे, तिथे चालेल का? (वाचक, श्टुटगार्ट)

नाही. ही गाडी स्वतः चालवणारी, तिसऱ्या पातळीची यंत्रणा. ती चालू असताना रस्त्यावरची नजर काढायला कायदा परवानगी देतो, फक्त गाडीने हाक दिली की दहा सेकंदांत ताबा घ्यायचा. जर्मनीत ती मे २०२२ पासून विकत मिळू लागली, तेव्हा मर्यादा ताशी ६० ची होती, म्हणजे ऑटोबानवर, तिथल्या महामार्गावर, वाहतूक तुंबली तरच उपयोग. पुढे ती ९५ वर गेली, तेही उजव्या लेनमध्ये आणि पुढे दुसरी गाडी असताना.

भारतात दुसरी पातळी मिळते: लेन धरणं, अंतर राखणं. हात स्टीअरिंगवर आणि डोळे रस्त्यावर तुमचेच. आपल्या एक्स्प्रेसवेवर ओव्हरटेकच्या लेनमधून चाळीसने चाललेला ट्रक आणि उलट्या दिशेने येणारा मोटारसायकलवाला हे त्या जर्मन सेन्सरच्या अभ्यासक्रमात नाहीत. लेन धरण्याची मदत मी स्वतः घाटात बंद ठेवतो.

माझं वय ६८. मला बटणं हवीत. नव्या जीएलसीत सगळा टीव्हीच आहे म्हणे? (वाचक, नाशिक)

आहे खरा. ३९.१ इंचांचा अखंड पडदा, पुढच्या काचेच्या या खांबापासून त्या खांबापर्यंत. पण तुमच्यासारख्यांचं ऐकलं गेलंय. मधल्या काही वर्षांत स्टीअरिंगवर घासायच्या पट्ट्या आल्या होत्या, आवाज वाढवायला जावं आणि गाणंच बदलावं. नव्या जीएलसीच्या स्टीअरिंगवर आवाजासाठी फिरतं चाक आणि क्रूझसाठी, म्हणजे ठरवलेला वेग आपोआप राखण्यासाठी, खटके परत आलेत. एसी मात्र पडद्यातच. टेस्ट ड्राइव्ह दुपारी बाराला घ्या, ऊन पडद्यावर येईल अशी गाडी लावा आणि चष्मा न बदलता तापमान २४ वर आणून बघा. जमलं तर घ्या, आणि पडदा पुसायला मऊ फडकं गाडीत ठेवा. बोटांचे ठसे पहिल्याच दिवशी दिसतात.