पेन्शनमधील शेअर नॉमिनीच्या नावावर: मताच्या हक्कासाठी करसवलत सोडावी का?

प्रश्न: इंग्लंडमध्ये नोकरी करणाऱ्या, ४९ वर्षांच्या एका वाचक भगिनींकडे आधीच्या दोन नोकऱ्यांतील पेन्शनचे मिळून सुमारे १,८०,००० पौंड आहेत. ही रक्कम सेल्फ-इन्व्हेस्टेड पर्सनल पेन्शनमध्ये, म्हणजे गुंतवणूक स्वतः निवडता येणाऱ्या एसआयपीपीत, हलवून तिच्यातून निवडक कंपन्यांचे शेअर आणि काही इन्व्हेस्टमेंट ट्रस्ट (इतरत्र गुंतवणूक करणाऱ्या, बाजारात नोंदलेल्या कंपन्या) घेण्याचा त्यांचा विचार आहे. अर्ज भरताना मात्र त्यांच्या लक्षात आले की हे शेअर प्लॅटफॉर्मच्या, म्हणजे खाते चालवणाऱ्या ऑनलाइन गुंतवणूक सेवेच्या, नॉमिनी कंपनीच्या नावावर राहणार आहेत. (येथे नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, तर ग्राहकांचे शेअर त्यांच्या वतीने स्वतःच्या नावावर धरणारी कंपनी.) भारतातील डिमॅट खात्यामुळे सभेआधी ई-मतदानाची सूचना मिळण्याची त्यांना सवय आहे. त्या ४० टक्के दराने कर भरतात. यापुढची बचत पेन्शनमध्ये न घालता स्वतःच्या नावावर शेअर घेऊन मताचा हक्क राखावा का, असे त्या विचारतात.

उत्तर: केवळ मतासाठी पेन्शनची करसवलत सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तरीही आपल्याला वाटणारी अस्वस्थता रास्त आहे, आणि पुष्कळ गुंतवणूकदार ज्या कलमाकडे न पाहता सही करतात त्यावर आपण थांबलात, हे फार चांगले केलेत.

आधी कायदा पाहू. ब्रिटनच्या २००६ च्या कंपनी कायद्यानुसार ज्याचे नाव सभासदांच्या नोंदवहीत आहे तोच कंपनीचा सभासद असतो, आणि तो ते शेअर दुसऱ्या कोणासाठी विश्वस्त म्हणून धरत असला तरी इंग्लंड-वेल्समधील कंपनीला तशी नोंद त्या वहीत करता येत नाही. त्यामुळे कंपनीच्या दृष्टीने सभासद म्हणजे नॉमिनी कंपनी. लाभांश, शेअरच्या किमतीतील वाढ आणि तोटा हे सारे आपले असले, तरी मत देण्याचा कायदेशीर अधिकार तिचा. आपल्या सूचनेप्रमाणे तिने मत द्यावे की नाही, हे मुख्यतः आपला आणि प्लॅटफॉर्मचा करार ठरवतो. याच कायद्याच्या कलम १४६ नुसार शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीची माहिती आपल्याला थेट मिळावी म्हणून नॉमिनी आपले नाव सुचवू शकते, पण तसे करणे तिला बंधनकारक नाही, आणि या कलमाचा आवाका माहितीपुरताच आहे.

भारतातील अनुभवामुळे आपली अपेक्षा वेगळी असणे स्वाभाविक आहे. तिथल्या १९९६ च्या डिपॉझिटरी कायद्याच्या कलम १० मध्येच म्हटले आहे की नोंदीत मालक म्हणून डिपॉझिटरीला, म्हणजे डिमॅट शेअर सांभाळणाऱ्या संस्थेला, मताचा अधिकार नाही आणि सर्व हक्क लाभार्थी मालकाचे आहेत. ब्रिटनमध्ये नॉमिनीमार्फत शेअर धरणाऱ्याला असे सरळ कायदेशीर संरक्षण नाही. याचा परिणाम केवळ तात्त्विक नसतो. २०१३ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयातील एकर्ली खटल्यात, पब्लिक कंपनीचे खासगी कंपनीत रूपांतर होण्याला काही गुंतवणूकदारांनी आव्हान दिले होते. त्यासाठी लागणाऱ्या पाच टक्क्यांहून अधिक शेअर त्यांच्याकडे होते, पण ते मध्यस्थांमार्फत धरलेले असल्यामुळे ते कायद्याच्या अर्थाने सभासद ठरले नाहीत आणि त्यांना दाद मागता आली नाही.

आता हा हक्क स्वतःकडे ठेवण्याची किंमत पाहू. आपल्या करदराने पेन्शनमध्ये १०० पौंड जमा करायचे, तर करसवलत धरून आपल्या खिशातून ६० पौंड जातात. निवृत्तीनंतर एक चतुर्थांश रक्कम करमुक्त आणि उरलेल्या रकमेवर २० टक्के कर असे धरले, तर वाढ बाजूला ठेवूनही हातात ८५ पौंड येतात. तेच ६० पौंड स्वतःच्या नावावर गुंतवले तर ते ६०च राहतात, शिवाय वर्षाला ५०० पौंडांपुढच्या लाभांशावर आणि ३,००० पौंडांपुढच्या भांडवली नफ्यावर कर येतो. दर ६० पौंडांमागे २५ पौंड मोजावे इतके मोल एका किरकोळ भागधारकाच्या नोंदीत सभासदत्वाला मी देणार नाही. ही रक्कम आपल्या म्हातारपणाची आहे. जमा झालेली पेन्शन आताच बाहेर काढून स्वतःच्या नावावर करण्याचा विचार तर मनातही आणू नये: ६ एप्रिल २०२८ पासून पेन्शनला हात लावण्याचे किमान वय ५७ होणार आहे, आणि त्या वयाआधी काढलेली रक्कम अनधिकृत ठरून तिच्यावर ४० टक्के कर आणि बहुधा आणखी १५ टक्के अधिभार लागतो.

मग मत सोडून द्यायचे का? मुळीच नाही, आणि इन्व्हेस्टमेंट ट्रस्ट घ्यायचे असतील तर नाहीच नाही. इन्व्हेस्टमेंट ट्रस्ट ही स्वतःच एक कंपनी असते, तिच्या संचालकांची नेमणूक भागधारक करतात, आणि तिचे शेअर मोठ्या प्रमाणात आपल्यासारख्या सामान्य बचतदारांकडे, बहुतेक वेळा नॉमिनी खात्यांत असतात. डिसेंबर २०२४ मध्ये साबा कॅपिटल या अमेरिकी हेज फंडाने लंडनच्या बाजारातील सात ट्रस्टांची संचालक मंडळे बदलण्यासाठी सभांची मागणी केली. त्यांपैकी अनेकांत त्याचा वाटा एक चतुर्थांशाहून अधिक होता. असा ठराव पडलेल्या मतांच्या साध्या बहुमताने मंजूर होतो. म्हणजे एखाद्याकडे २८ टक्के शेअर असतील आणि उरलेल्या ७२ टक्क्यांपैकी विरोधात २८ टक्क्यांहून कमी मते पडली, तर संपूर्ण कंपनीची दिशा तो एकटा ठरवू शकतो. त्या वेळी ट्रस्टांची मंडळे आणि काही प्लॅटफॉर्म लोकांना मत देण्याचे आवाहन करत होते, आणि जानेवारी-फेब्रुवारी २०२५ मध्ये सातही ठिकाणी ते ठराव फेटाळले गेले. साबाचे म्हणणे बरोबर होते की चूक, हा वेगळा प्रश्न आहे. ज्यांच्या प्लॅटफॉर्मवर मत देणे किचकट होते, त्यांच्या निवृत्तीच्या पैशाविषयीचा निर्णय मात्र त्यांच्यावाचूनच होत होता, आणि ही गोष्ट मला गंभीर वाटते.

म्हणून मताचा मुद्दा प्लॅटफॉर्म निवडतानाच, शुल्काच्या बरोबरीने, तपासावा. मतदानाची सोय असल्याची जाहिरात पुरेशी मानू नये. ती एसआयपीपी खात्याला लागू आहे का, हे लेखी विचारावे, कारण पेन्शनमध्ये प्लॅटफॉर्मच्या जोडीला विश्वस्तही असतो आणि त्यामुळे नियम वेगळे असू शकतात. मत देण्यासाठी वेगळे शुल्क आहे का, सूचना आपोआप मिळते की आधी नाव नोंदवावे लागते, परदेशी कंपन्यांचे शेअर यात येतात का, आणि सभेत बोलायचे असल्यास नॉमिनी आपल्याला प्रॉक्सी (सभासदाच्या वतीने सभेत मत देणारी व्यक्ती) किंवा प्रतिनिधी म्हणून नेमते का, हेही विचारावे. मुदतीविषयीचे उत्तर विशेष नीट वाचावे. प्रॉक्सी मतासाठी कंपनीला सभेच्या ४८ तासांपेक्षा आधीची मुदत ठेवता येत नाही, आणि त्यात सुट्टीचे दिवस धरले जात नाहीत. प्लॅटफॉर्मला मात्र सगळ्या ग्राहकांची मते गोळा करायची असल्यामुळे त्याची मुदत काही दिवस आधीच संपते.

आयसा, म्हणजे ब्रिटनमधील करमुक्त वैयक्तिक बचत खाते (आयएसए), या बाबतीत थोडे बरे आहे. तेथेही शेअर नॉमिनीकडेच असतात, पण गुंतवणूकदाराने मागणी केल्यास त्याला वार्षिक अहवाल मिळावा, सभेला जाता यावे आणि मत देता यावे अशी व्यवस्था करण्याचे बंधन १९९८ च्या आयसा नियमावलीने व्यवस्थापकावर घातले आहे. त्यासाठी तो शुल्क घेऊ शकतो. आयसात वर्षाला २०,००० पौंड घालता येतात. पेन्शनचा हप्ता भरून काही शिल्लक राहत असेल, तर ज्या ट्रस्टांच्या कारभाराची आपल्याला खरोखर काळजी आहे ते आयसात ठेवावेत, अशी माझी शिफारस आहे.

कागदी प्रमाणपत्राच्या वाटेने जाऊ नये. सर डग्लस फ्लिंट यांच्या अध्यक्षतेखालील डिजिटायझेशन टास्कफोर्सने जुलै २०२५ च्या अंतिम अहवालात कागदी शेअर बंद करण्याची दिशा आखून दिली आहे, आणि प्लॅटफॉर्मनी ग्राहकांना भागधारकांचे कोणते हक्क मिळतात हे स्पष्ट सांगावे असेही सुचवले आहे. क्रेस्ट या ब्रिटनमधील शेअरांच्या इलेक्ट्रॉनिक नोंदणी व्यवस्थेत ब्रोकरमार्फत स्वतःच्या नावाचे वैयक्तिक सदस्यत्व घेता येते, पण त्यातील शेअर पेन्शन आणि आयसा यांच्या बाहेर राहतात.

नॉमिनी व्यवस्थेच्या सुरक्षिततेविषयी थोडक्यात सांगतो. प्लॅटफॉर्म बुडाला तरी ग्राहकांचे शेअर त्याच्या मालमत्तेत धरले जात नाहीत. एकत्रित खात्यात तूट निघाल्यास ती मात्र सर्व ग्राहकांत वाटली जाते, आणि पात्र ग्राहकाला नुकसानभरपाई योजनेतून ८५,००० पौंडांपर्यंतच संरक्षण आहे. आपली रक्कम त्याहून मोठी आहे, हे लक्षात असू द्यावे.

एक गोष्ट आपण विचारलेली नाही, तरी ती सांगितल्यावाचून मला राहवत नाही. १,८०,००० पौंडांची संपूर्ण पेन्शन निवडक शेअरांत घालणे मला धोक्याचे वाटते. किमान चार पंचमांश रक्कम जगभरातील कंपन्यांत पसरलेल्या कमी खर्चाच्या फंडात असावी. त्या भागातील मते फंड व्यवस्थापक देतो आणि आपल्या हाती त्याचे मतदान-धोरण वाचण्यापलीकडे फारसे काही नसते, हे स्वीकारावे लागेल. मताचा प्रश्न मग उरलेल्या सुमारे ३६,००० पौंडांपुरता राहतो आणि त्यावर बारकाईने लक्ष ठेवणे आपल्याला झेपेल.

रक्कम हलवण्यापूर्वी दोन्ही जुन्या योजनांकडून लेखी खातरजमा करून घ्यावी की त्यांत ठरावीक पेन्शनची हमी नाही. तशी हमी असेल आणि तिचे मूल्य ३०,००० पौंडांहून अधिक असेल, तर अधिकृत सल्लागाराचा सल्ला घेणे कायद्याने आवश्यक आहे, आणि अशी हमी असल्यास ती रक्कम जिथे आहे तिथेच राहू द्यावी, असाच माझा प्रथमदर्शनी सल्ला राहील. सध्याचा मालक आपल्या हप्त्याला जोड देत असेल, तर ती योजना चालूच ठेवावी आणि एसआयपीपीत केवळ जुन्या दोन योजनांची रक्कम आणावी.