परोपकार नव्हे, अनुकंपा

प्रश्न असा : नळीत अडकलेल्या जोडीदाराला सोडवणाऱ्या उंदराला 'परोपकारी' म्हणता येईल का?

नाही. जनावराने काही भले केले की बातमीत 'परोपकार' आलाच! 'पर' म्हणजे परका, आणि या उंदरांना नेमका परकाच चालत नाही. शिकागो विद्यापीठात इन्बाल बेन-अमी बार्टल आणि पेगी मेसन यांच्या गटाने २०११ मध्ये पारदर्शक नळीत एक उंदीर कोंडला. दार फक्त बाहेरून उघडणारे. मोकळे उंदीर ते उघडायला शिकले. शेजारच्या नळीत चॉकलेट असले तरी जोडीदाराला सोडवत आणि बऱ्याचदा त्याला वाटाही ठेवत. मात्र २०१४ मध्ये पांढऱ्या उंदरांनी अनोळखी, काळ्या-पांढऱ्या वाणाच्या उंदरांना सोडवले नाही. त्या वाणाच्या एकाबरोबर राहिल्यावर मग त्यातल्या अनोळखींनाही सोडवू लागले.

खरा शब्द अनुकंपा. आपल्याकडे तो 'अनुकंपा तत्त्वावरील नोकरी'च्या अर्जापुरता उरलाय, याचा मला संताप येतो. अनु + कम्प् : दुसरा थरथरला की मागोमाग आपणही थरथरणे. काय नेमका शब्द आहे! संस्कृत 'अमरकोश' रचणाऱ्या अमरसिंहाने 'कारुण्यं करुणा घृणा कृपा दयानुकम्पा स्यादनुक्रोशोऽपि' असे सात शब्द एका दावणीला बांधले आणि पुढचे कोशकार 'दया' लिहून मोकळे झाले. मला हे साफ अमान्य आहे. कृपा वरचा खालच्यावर करतो. अनुकंपेत दोघे एकाच पातळीवर. अनुक्रोशातही तेच, दुसऱ्याच्या आक्रोशामागे आपला आक्रोश. धातू पाहिला असता तर ही गल्लत झाली नसती.

मेंदूतही हा कंप सापडतो. उंदराच्या अँटिरिअर सिंग्युलेट कॉर्टेक्समधल्या काही पेशी स्वतःच्या वेदनेने चेततात, त्याच दुसऱ्याची वेदना पाहूनही चेततात. हे नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवले. त्याआधी २०१६ मध्ये बार्टल यांनी उंदरांना मिडॅझोलॅम हे चिंता शमवणारे औषध दिले. त्या उंदरांनी चॉकलेटसाठी दार उघडले, कोंडलेल्या उंदरासाठी नाही. कंप गेला, मदत गेली! व्युत्पत्ती दुसरे काय सांगते?

आता बार्टल यांच्याच गटाचा २०२१ चा प्रयोग. मेंदूतले दुसऱ्याच्या त्रासाशी निगडित भाग आपल्या वाणाचा उंदीर अडकला तरी चेतले, परका अडकला तरी चेतले. न्यूक्लियस अ‍ॅक्युम्बन्स हा प्रेरणेशी, बक्षिसाशी जोडलेला भाग मात्र आपल्यासाठीच विशेष जागा झाला. म्हणजे कंप दोघांसाठी, धाव आपल्यासाठी. तेव्हा अनुकंपा हा शब्द आतल्या हालचालीला राखून ठेवावा. दार उघडण्याला 'मदत' म्हटले की पुरे.